शेंग टाकून प्रश्न विचार

पोरी, सुट्टीत सगळ्या भावंडांना गोळा करून तू ‘मी कोण’ खेळवणार आहेस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. मला फार बरं वाटलं. बोरगावच्या आपल्या सोप्यात हा खेळ मला तात्यांनी शिकवला. त्यांच्याकडून आलेलं आणि पुढं माझ्या अनुभवातनं कळलेलं तुला लिहून धाडतोय. जपून ठेव.

आधी शेंगांचं सांगतो. पेरणीच्या आधी बियाणाच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसलो की तात्या खेळ काढायचे. ज्याच्यावर राज्य, त्यानं मनात एक नाव धरायचं. इतिहासातला माणूस नाहीतर खेळाडू. विचारणाऱ्यांपुढं वीस शेंगा मोजून ठेवायच्या. एक प्रश्न विचारला की एक शेंग राज्यवाल्याच्या सुपात जायची. त्यानं शेंगेच्या चोचीवर अंगठा दाबायचा, ती फटकन फुटली की उत्तर द्यायचं, दाणे पाटीत आणि टरफल पोत्यावर. वहीत रेघा मारून प्रश्न मोजलेले मी पाहिलेत. त्यात पोरं तोंडाला येईल ते विचारतात. हातातली शेंग सोडायची म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो. तेवढं थांबणंच तुला शिकवायचंय.

वीस शेंगा कमी वाटतील. पण हिशोब करून बघ. हजार नावं असली आणि प्रत्येक प्रश्नानं निम्मी गळाली, तर पाचशे, अडीचशे, सव्वाशे असं करत दहाव्या शेंगेला एकच नाव उरतं. दहा प्रश्नांत 1,024 नावांतलं एक सापडतं, वीस प्रश्नांत 10,48,576 नावांतलं. म्हणून ‘तू शिवाजी महाराज का?’, ‘तू सचिन का?’ अशी सुरुवात करू देऊ नको. त्यात एक शेंग जाते आणि एकच नाव कमी होतं. ‘1947 च्या आधी वारलेला का?’ हा प्रश्न चांगला. ‘मैदानावर नाव कमावलेला का?’ हाही चांगला. मग शतक विचारायचं, मग मुलूख, मग काम, आणि नाव अगदी शेवटी.

‘बाई का पुरुष?’ हा प्रश्न मात्र आपल्या घरात बरीच वर्षं वाया जायचा. सगळे पुरुषांचीच नावं धरायचे. त्यामुळं उत्तर आधीच ठाऊक असायचं आणि शेंग फुकट जायची. तुझ्या आईनं लहानपणी हे बोलून दाखवलं, आणि ती खरं बोलत होती. तेव्हापासून मी बायकांची नावं मुद्दाम धरू लागलो. कोल्हापूरची गादी उभी करणाऱ्या ताराराणी. कित्तूरच्या राणी चन्नम्मा, ज्यांच्या फौजेशी लढताना 23 ऑक्टोबर 1824 ला कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्यांचं माहेर काकती, बेळगावला जाताना हमरस्त्यावरच लागतं. 2010 साली म्युनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. सांगलीची स्मृती मंधाना. आता त्या प्रश्नानं खरोखर निम्मी नावं गळतात. धरणाऱ्यांच्या मनात कोण कोण आहे, त्यावर प्रश्नाची किंमत ठरते.

यापुढचं नीट वाच. हे मला पोळून कळलंय. एकदा मी विजय हजारे धरले होते. जन्म सांगलीचा, 1915 चा, एका कसोटीत दोन्ही डावांत शतकं करणारे पहिले भारतीय, एवढं मला पाठ होतं. चुलतभावाच्या थोरल्यानं विचारलं, ‘कप्तान होता का?’ मला नक्की ठाऊक नव्हतं. तरी मोठेपणाच्या भरात ‘नव्हता’ म्हणालो. पोराच्या पुढच्या सगळ्या शेंगा चुकीच्या वाटेला गेल्या, वीसच्या वीस संपल्या आणि ते न जेवता झोपलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक काढून बघितलं. भारतानं पहिला कसोटी विजय 1952 साली मद्रासला मिळवला, तो हजाऱ्यांच्याच कप्तानीत. मी त्या पोराची माफी मागितली. त्या दिवसापासून घरात नियम आहे : ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचं आणि शेंग परत द्यायची. मोठ्यांनी तर नक्कीच. ज्याची चार-पाच वर्षं-गावं पक्की नाहीत, ते नाव धरायचंच नाही.

बारकी पोरं खेळात असली तर प्रश्नांऐवजी खुणा द्याव्या लागतात. खुणांना चढ पाहिजे. खाशाबा जाधव घे. ‘मी पोलीस खात्यात नोकरी केली’ इथनं सुरू कर. त्यानं कुणालाच काही कळत नाही. मग ‘माझ्या परदेशवारीसाठी कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं.’ ते राजाराम कॉलेजचे खर्डेकर. इथं थोडं थांब. पोरांच्या डोळ्यांत काहीतरी हलतं ते बघ. मग ‘1948 ला लंडनला सहावा आलो’, आणि शेवटी ‘1952 ला हेलसिंकीला कांस्य.’ गोळेश्वर आणि कराड ही गावाची खूण अगदीच अडलं तर. शब्दही मोजून वापर. ‘भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक’ म्हणशील तर चूक होईल. हॉकीची सुवर्णपदकं 1928 पासूनची आहेत. ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक’ असं पुरतं म्हण. तसंच संगोळ्ळी रायण्णाचं. 26 जानेवारीला नंदगडला फाशी गेला ही खूण आधी दिलीस तर खेळ तिथंच संपला. 1831 हे साल आधी दे, तारीख मागनं.

आता आपल्या सीमाभागातली गोष्ट. बाहेरची पोरं विचारतात, ‘मराठी का कन्नड?’ आपल्याकडं हा प्रश्न निम्म्यानं तोडत नाही. राहुल द्रविड मराठी घरातला, जन्म इंदूरचा, खेळला कर्नाटकाकडनं. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची बोली मराठी, आणि ज्ञानपीठ मिळालं कन्नड कवितेला. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आपल्या शेजारच्या एकसंब्याचे आणि तालीम कोल्हापूरची. 1959 ला दिल्लीत त्यांनी बंतासिंगाला पाडलं, ती कुस्ती तात्या आम्हाला जणू स्वतः आखाड्याच्या कडेला उभे असल्यासारखे सांगायचे. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे, म्हणजे निपाणीच्या पलीकडच्या घराण्यातले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष एकदाच झाले, 1924 ला, आणि ते आपल्या बेळगावात. नकाशावरची रेघ मागनं आली. अशा प्रश्नाला ‘दोन्ही’ म्हणायला लाजू नको आणि शेंग परत दे. कुणी ‘आपला का त्यांचा?’ विचारलं, तर ती शेंग परत द्यायची नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. तात्या तसंच करायचे.

तुझी गोकाकची काकू खेळायला बसली की तिच्याशी कन्नडमधनं खेळा. तिच्याकडनं एक शिकलो. ‘तू राजा का?’ याला ती ‘अल्ल’ म्हणते आणि ‘तू लढाई जिंकली का?’ याला ‘इल्ल’. आपलं नव्हे आणि नाही, तसंच. आपण हल्ली दोन्हीला ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. खेळात ‘नव्हे’ वापर. उत्तर माणसाबद्दल आहे का त्याच्या कामाबद्दल, ते पोरांना लगेच कळतं.

देव आणि मुनिमहाराज खेळात धरायचे नाहीत. शांतिसागर महाराज भोजचे, आपल्या अगदी जवळचे, पण त्यांचं चरित्र सांगायचं असेल तर खेळ बाजूला ठेवून सांग. घरात जिवंत असलेल्या माणसांचंही नाव धरू नको. कुणाला तरी लागतं.

आणि पोरांना दाणे खाऊ देऊ नको असं म्हणणार होतो, पण ते जमणार नाही. मूठभर वेगळे काढून ठेव. खेळ रंगला की हात आपोआप पाटीत जातात आणि बियाणं कमी पडतं. अंगठे दुखायला लागले की खेळ थांबव, मग डाव अर्धा असला तरी चालेल.

यंदाच्या शेंगा अजून फोडायच्या आहेत, दोन पोती सोप्यात उभी आहेत. मी एक नाव धरून ठेवलंय. बाई आहे, आणि क्रिकेट खेळलेली नव्हे. तुझ्या दोन शेंगा वाचल्या, अठरा उरल्या.