दिवाळीनंतर भट्टीवर जाण्याआधी

करोनाने आमच्या जव्हार-मोखाड्यात माणसे नेली. पण घरे पोखरली ती उचलीने, म्हणजे भट्टीवर जाण्याआधी घेतलेल्या आगाऊ पैशाने. वीटभट्टीवर विटा थापलेली बाई म्हणून मी हे सांगते आहे, आणि यंदाच्या दिवाळीनंतर जे बोचके बांधतील त्यांच्यासाठी सांगते आहे.

भात-नागली घरात आली की आमचे पाडे रिकामे होतात. जमीन डोंगराची आणि एकपिकी. पावसाळ्यात पाऊस कोसळ कोसळ कोसळतो, पण उन्हाळ्याआधीच विहिरीचा तळ दिसतो. मग मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो आणि जोडी ठरते. जोडी म्हणजे नवरा-बायको. वाडा, भिवंडी, वसई, जिथे भट्टी असेल तिथे. 2019 च्या दिवाळीनंतर आम्हीही गेलो. सासूच्या दुखण्यासाठी आणि घराच्या कुडासाठी उचल घेतली होती. थोरली मुलगी आश्रमशाळेत, धाकटा माझ्या पाठीशी, सासू एकटी घरी.

भट्टीवर हजार विटांमागे भाव ठरलेला असतो, पण तो पैसा हातात येत नाही. बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, त्यात तेल-मीठ-तांदूळ भागवायचे. बाकीचे उचलीत वळते होते. पावसाच्या तोंडाला भट्टी बंद होते तेव्हा भट्टीचा मालक, आमचा सेठ, वहीत बघून सांगतो, कोणाकडे किती निघतात. वही त्याची, अक्षर त्याचे.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला आणि 25 तारखेपासून टाळेबंदी. ट्रक थांबले, विटांना गिऱ्हाईक उरले नाही. खर्ची आधी निम्मी झाली, मग बंदच. काही जोड्या रात्रीच्या रात्री विक्रमगडच्या रस्त्याने चालत निघाल्या. आमचे मूल लहान, आम्ही राहिलो. सरकारने त्या एप्रिलपासून रेशनवर माणशी 5 किलो तांदूळ फुकट द्यायला सुरुवात केली, पण आमचे कार्ड पाड्यावर होते. तिकडे सासूकडे सगळ्या घराचा तांदूळ आणि इकडे मूल पातळ पेजेवर. बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने 500-500 रुपये येणार असे ऐकले. माझे पासबुक आणि दोघांची आधार कार्डे ‘हिशेब होईपर्यंत’ म्हणून सेठने ठेवून घेतली होती.

घरी परतायच्या वेळी वही उघडली. टाळेबंदीत खाल्लेला तांदूळ चढ्या भावाने लावलेला. उचल फिटली तर नाहीच, उलट बाकी निघाली. ‘पुढल्या साली याच,’ सेठ म्हणाला. रोग त्या पावसाळ्यात आमच्या घरात आलाही नाही, तरी पुढचे वर्ष गहाण पडले होते.

म्हणून पहिली गोष्ट. उचल घ्याल त्याच दिवशी स्वतःची वही घाला. तारीख, रक्कम, दर आठवड्याच्या विटा, मिळालेली खर्ची. पाचवीतले पोरही हे लिहू शकते. भट्टीच्या मुनिमाची सही घ्या. तो देत नसेल तर त्याच्या वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. आधार, पासबुक, रेशनकार्ड कोणाच्याही हातात ठेवू नका, लागले तर झेरॉक्स द्या. रेशन आता राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा लावून मिळते, घरातल्या काहींचे गावात आणि काहींचे भट्टीजवळही.

आणि जाण्याआधी गावात काम मागा. तोंडी नको. टाळेबंदीत रोजगार हमीची मजुरी 238 रुपये होती आणि परतलेल्या कितीतरी जणांना ती हवी होती, पण ज्यांनी कामाच्या मागणीचा नमुना 4 भरून तारखेची पोच घेतली त्यांनाच पुढे भांडता आले. कागद नसेल तर तुम्ही काम मागितले होते, हेच कोणी मानत नाही. आदिवासी कुटुंबांसाठीच्या खावटीचेही तसेच. 4000 रुपयांची मदत, निम्मी रोख, निम्मे धान्य-सामान, 2020 मध्ये जाहीर झाली. आमच्या पाड्यावर यायला 2021 उजाडले. जातीचा दाखला आणि चालू बँकखाते ज्यांचे तयार होते, त्यांना फेऱ्या कमी माराव्या लागल्या.

मुलांचे सांगताना मात्र माझा जीव तुटतो. आश्रमशाळा बंद झाल्या, मुली घरी आल्या. अभ्यास मोबाईलवर येणार म्हणे. आमच्याकडे रेंज टेकाडावर, आणि फोन एकच, तोही बापाच्या खिशात. पहिले वर्ष रानभाज्या खुडण्यात आणि ढोरांमागे गेले. दुसऱ्या वर्षी मुलींना मागण्या येऊ लागल्या. थोड्या माणसांत, थोड्या खर्चात लग्न उरकते, एक तोंड कमी होते, असे शहाणी माणसेही बोलू लागली. माझी मुलगी मी दिली नाही, पण तिच्या वर्गातल्या मुली सासरी गेल्या. 18 च्या आत लग्न ठरत असेल तर 1098 वर फोन करा. आणि भट्टीवर जाताना मूल सोबत न्यायचेच असेल तर अंगणवाडीताईला ठिकाण सांगून जा, भट्टीजवळच्या अंगणवाडीत आहार आणि लस मागता येते. याच जव्हारचे नाव वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी 1992 साली देशभर गेले होते. आमच्याकडे चार महिने अर्धपोटी राहिलेले मूल लवकर सावरत नाही.

घेतलेला पैसा माणसाला कुठवर नेतो, तेही सांगते. मोखाडा तालुक्यात 2021 साली वेठबिगारीचा गुन्हा दाखल झाला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी एका बापाला मालकाकडे राबावे लागले, आणि शेवटी त्याने जीव दिला, अशी ती तक्रार होती. महामारीच्या त्या दीड वर्षात घराघरात किती हात पसरले गेले, ते यावरून ओळखा.

1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद आहे. माणसाला बांधून ठेवणारी उचल त्या कायद्याने फिटलेलीच धरली जाते, आणि मुक्तीचा दाखला मिळाला तर पुनर्वसनाची रक्कमही मिळते. ‘बाकी फेडल्याशिवाय जाऊ देणार नाही’ असे कोणी म्हटले, कागद अडवले, मारहाण केली, तर एकटे जाऊ नका. चार जोड्या मिळून तहसीलदाराकडे किंवा जव्हारच्या प्रांत कार्यालयात जा, आणि तुमची वही सोबत न्या.