सौर पंप व शेतघराचा सौर संच : पुरवठादाराची निवड

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, घाटाखाली वसलेले आहे. १४३७ साली व पुन्हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे झालेल्या लढायांमुळे इतिहासाच्या ग्रंथांत या गावाचे नाव आढळते. आजच्या शेतकऱ्यापुढील प्रश्न निराळा आहे. विहिरीत पाणी असते, परंतु वीज नसते. आणि जेथे रात्रपाळीचा पुरवठा असतो तेथे पाणी देण्यासाठी अंधारात शेत गाठावे लागते. ज्ञानगंगा अभयारण्याचा परिसर याच जिल्ह्यात असल्याने रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव तर आहेच, शिवाय अस्वलाची भीतीही खोटी नव्हे. दिवसा पाणी देता येणे ही या भागात केवळ सोयीची गोष्ट राहत नाही. यास्तव सौर पंपाकडे व शेतातील खोलीसाठी लहान सौर संचाकडे शेतकऱ्यांचा ओढा वाढला आहे.

तथापि पंप कोणाकडून घ्यावा, हा विचार पुष्कळदा सर्वांत शेवटी व सर्वांत घाईने केला जातो. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटासाठी किमतीच्या १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठरविण्यात आला. हिस्सा भरल्यानंतर मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीतून आपला पुरवठादार शेतकऱ्याने स्वतः निवडावयाचा, अशी तीत व्यवस्था ठेवण्यात आली. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भरावयाचा हिस्सा पंपाच्या क्षमतेवर ठरतो, पुरवठादाराच्या नावावर नव्हे. एकाला निवडल्याने चार पैसे वाचतील आणि दुसऱ्याला निवडल्याने जास्त जातील, असे नाही. मग यादीतील एका नावात व दुसऱ्या नावात शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक उरतो तो एवढाच की, पंप बंद पडल्यावर कोणाचा माणूस किती दिवसांत शेतावर येतो. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या वेळी द्यावयाचे पाणी पंधरा दिवस लांबले, तर पुढे पंप कितीही उत्तम चालला तरी त्या हंगामाचे नुकसान भरून येत नाही.

ही चौकशी कार्यालयात बसून होत नाही. ज्या पुरवठादाराचा विचार असेल त्याने मोताळा, मलकापूर किंवा बुलडाणा तालुक्यात पूर्वी बसविलेले दोन-तीन पंप प्रत्यक्ष जाऊन पाहावेत. नुकताच बसविलेला पंप पाहून काहीच कळत नाही. नवा पंप सर्वांचाच चालतो. निदान दोन पावसाळे काढलेला पंप पाहावा. तेथील शेतकऱ्यास विचारावे की, आतापर्यंत कितीदा बिघाड झाला, तक्रार कोणत्या रीतीने केली, आणि तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस गेले. सांगाड्याचे पाय गंजले आहेत काय, वादळात पाट्या सरकल्या काय, केबल उघडी पडली आहे काय, हे डोळ्यांनी पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा पंपांची एक साधी नोंदवही ठेवल्यास गावाला तिचा मोठा उपयोग होईल. पुरवठादाराचे नाव, पंप बसविल्याची तारीख, प्रत्येक तक्रारीची तारीख व दुरुस्तीची तारीख, एवढे रकाने तीत पुरेत. दोन वर्षांत ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलकी होते.

दुरुस्तीचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे यंत्राच्या रचनेवरून समजते. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या पाट्यांत हलणारा भाग नसतो. त्या सहसा लवकर बिघडत नाहीत व त्यांच्या उत्पादनशक्तीची हमी साधारणतः २५ वर्षांची असते. बिघाड होतो तो मुख्यत्वे नियंत्रक पेटीत, म्हणजे कंट्रोलरमध्ये, आणि मोटारीत. साधा विजेचा पंप असेल तर स्टार्टर जळाल्यास बाजारातून दुसरा आणता येतो व मोटार गावाजवळच्या वाइंडिंगच्या दुकानात भरून घेता येते. सौर पंपाचे तसे नाही. विशेषतः कायम चुंबकाच्या डीसी मोटारीला तिचाच कंट्रोलर लागतो. दुसऱ्या कंपनीचा जोडून चालत नाही. पुरवठादाराने सुटे भाग जिल्ह्यात ठेवले नसतील, तर ती पेटी दूरच्या शहरी जाऊन परत येईपर्यंत पीक वाट पाहत नाही. एसी मोटारीचा पंप कमी उन्हात डीसीच्या मानाने थोडे कमी पाणी देतो. परंतु त्याची मोटार पुष्कळ ठिकाणी स्थानिक कारागिरास दुरुस्त करता येते. ज्या पुरवठादाराचे दुरुस्ती केंद्र जवळ आहे त्याचा डीसी पंप घेण्यास हरकत नाही. केंद्र दूर असेल तर एसी पंपाचा विचार अवश्य करावा. अर्थात हमीच्या मुदतीत बाहेरच्या कारागिराने पेटी किंवा मोटार उघडल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो, म्हणून त्या काळात प्रथम तक्रारच नोंदवावी.

उपरोक्त योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासह देण्यात आली. ही पाच वर्षे शेतकऱ्याच्या हक्काची आहेत, पुरवठादाराच्या उपकाराची नव्हेत. पंप बसविण्याचा खर्चही ठरलेल्या किमतीतच धरलेला असतो. कोणी वाहतूक, खड्डे किंवा मजुरी यांच्या नावाखाली निराळे पैसे मागू लागल्यास ते देऊ नयेत. महावितरणच्या तालुका कार्यालयात लेखी तक्रार द्यावी अथवा १९१२ या क्रमांकावर ती नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. या योजनांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून व दूरध्वनी करून पैसे उकळण्याचे प्रकारही घडले आहेत. पैसे केवळ अधिकृत मार्गाने भरावेत व पावती जपून ठेवावी. योजनांचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम पाहून घ्यावेत.

पुरवठादार निवडण्यापूर्वी मात्र स्वतःची गरज स्वतः मोजून ठेवणे आवश्यक आहे. गरज ठरविण्याचे काम विकणाऱ्यावर सोपविले की, यंत्र त्याच्या गोदामात जे पडलेले असेल तेच योग्य ठरते. योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ व पाच एकरांहून अधिक जमिनीस ७.५ अश्वशक्ती अशी कमाल मर्यादा ठरविण्यात आली; त्याहून लहान पंप मागण्याची मुभाही ठेवण्यात आली. ‘मोठा पंप म्हणजे जास्त पाणी’ ही समजूत घाटाखालच्या विहिरींना लागू पडत नाही. वैशाखात विहिरीची आवक तासाला जेवढी, तेवढेच पाणी पंपाला उपसता येते. मोठा पंप विहीर लवकर कोरडी करतो व मग थांबतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी विहिरीतील पाण्याची पातळी दोरीने मोजावी, दोन तास उपसा करून ती पुन्हा मोजावी, आणि पातळी पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो ते टिपून ठेवावे.

पाणी किती व किती उंच चढवावयाचे, यावर सर्व हिशेब बसतो. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २ लाख लिटर लागते. १ लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढविण्यास केवळ पाण्यासाठीच ८ युनिटांहून थोडी अधिक शक्ती लागते. पंप व मोटार यांत निम्म्याच्या आसपास शक्ती खर्ची पडते असे धरल्यास १६ युनिटे हवीत. केंद्र शासनाच्या मानकांत ३ अश्वशक्तीच्या पंपास ३००० वॅट, ५ अश्वशक्तीस ४८०० व ७.५ अश्वशक्तीस ६७५० वॅट क्षमतेच्या पाट्या धरलेल्या आहेत. ३००० वॅटच्या पाट्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण १५ युनिटे देतात. म्हणजे ३० मीटरवरून दिवसाला एक लाख लिटरच्या आतबाहेर पाणी मिळेल व एक एकर भिजविण्यास दोन दिवसांहून थोडे अधिक लागतील. ठिबक असेल तर याच पाण्यात क्षेत्र कितीतरी वाढते. जो विक्रेता हा हिशेब न करता पंपाची क्षमता सांगतो, त्याच्या पुढील बोलण्यावरही फारसा भरवसा ठेवू नये.

पाटीवर लिहिलेली वॅट ही २५ अंश सेल्सिअस तपमानाची असते. घाटाखाली मे महिन्यात पाटी ६० अंशांच्या पुढे तापते, आणि दर अंशाला सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के या हिशेबाने तिची शक्ती १२ ते १५ टक्क्यांनी घटते. डोंगराच्या कुशीतील शेतात सकाळ-संध्याकाळी सावली किती वेळ राहते हेही पाहावे. पाट्यांचे तोंड दक्षिणेकडे व कल सुमारे २० अंश असावा. झाडाची लहानशी सावलीदेखील एका पाटीवर पडली तर तिच्याबरोबर जोडलेल्या इतर पाट्यांचे काम मंदावते. जागेची पाहणी करण्यास आलेल्या माणसाने याची विचारणा केली नाही, तर शेतकऱ्याने ती आपण होऊन करावी.

आता शेतातील खोलीविषयी. जागलीसाठी राहणारा शेतकरी किंवा सालदाराचे कुटुंब यांना दिवे, पंखा व मोबाईल एवढ्यासाठी संच लागतो. येथे अनुदान नसले म्हणजे पुरवठादार बाजारातला, आणि निवड सर्वस्वी स्वतःची. ९ वॅटचे तीन दिवे पाच तास, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा आठ तास, दोन मोबाईल आणि फवारणी पंपाची बॅटरी मिळून दिवसाला सुमारे ५०० वॅट-तास लागतात. उन्हाळ्यात यास १६० वॅटची पाटी पुरते. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन निम्म्यावर येते, म्हणून २५० वॅटची घ्यावी. दोन रात्री निभाव लागावा म्हणून १००० वॅट-तास साठा हवा. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, यास्तव १२ व्होल्टची १५० ते १६५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. लिथियम फॉस्फेट जातीची १०० अँपिअर-तासांची बॅटरी तेच काम करते; ती महाग असते, परंतु अधिक वर्षे टिकते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते, म्हणून ती पत्र्याखाली उन्हात न ठेवता सावलीत व हवेशीर जागी ठेवावी.

दोन पुरवठादारांच्या दरपत्रकांची तुलना करताना केवळ शेवटची रक्कम पाहू नये. कमी रकमेच्या पत्रकातून बहुधा तारेची जाडी, सांगाडा, भूयोजन व वीजरोधक यांपैकी काहीतरी गाळलेले असते. तारेचे उदाहरण घ्यावे. पाटीपासून बॅटरी २० मीटर अंतरावर असून ८ अँपिअर प्रवाह २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून नेला, तर वाटेतच सव्वादोन व्होल्ट खर्ची पडतात; १२ व्होल्टच्या संचात ही घट फार आहे. शिवाय हमी कोणाची, हे विचारावे. पाटीची हमी कारखान्याची असते, बॅटरीची निराळी, आणि जोडणीची दुकानदाराची. तिन्ही गोष्टी एका कागदावर, अनुक्रमांकांसह व शिक्क्यासह लिहून देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये, मग त्याचा दर कितीही कमी असो.

ट्रॉलीवर किंवा गाडीवर फिरता संच बसवावयाचा असल्यास दुकानदाराने पूर्वी असे काम केले आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड सैल होतात व सैल जोड तापून आग लागू शकते. बॅटरी पट्ट्याने घट्ट बांधलेली व तिच्या टोकाजवळच फ्यूज बसविलेला असावा. सपाट बसविलेल्या पाटीवर धूळ लवकर साचते व ती कललेल्या पाटीपेक्षा कमी वीज देते, म्हणून पाटी थोडी मोठी घ्यावी.

पंप बसविण्याच्या दिवशी शेतकऱ्याने स्वतः हजर राहावे. पाट्यांच्या मागील लेबलावरील वॅट व अनुक्रमांक पाहून वॅटची बेरीज ठरलेल्या क्षमतेइतकी भरते काय हे तपासावे. पाट्यांवर आयएस १४२८६ या मानकाची खूण असावी. पंप सुरू झाल्यावर दुपारी बारा वाजता २०० लिटरचा पिंप भरण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे व तो आकडा तारखेसह हमीपत्राच्या मागे लिहून ठेवावा. पुढे पाणी कमी झाल्याची तक्रार करावयाची झाल्यास हाच आकडा उपयोगी पडतो. काम पुरे झाल्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नये. पाणी पडल्यावर, भूयोजन पाहिल्यावर व विम्याची प्रत हाती आल्यावरच सही करावी. पाट्या किंवा केबल चोरीस गेल्यास त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्यावी आणि पुरवठादारास व महावितरणला लेखी कळवावे. हमीची पाच वर्षे संपण्यापूर्वी एक महिना पुरवठादारास बोलावून कंट्रोलर, मोटार व केबल यांची तपासणी करून घ्यावी, आणि सापडलेले दोष मुदतीतच दुरुस्त करून मागावेत.