बायोस अपडेट करण्याआधी

नौपाडा, ठाणे

चि. सायली,


डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू केलंस आणि एका क्लासची सगळी मशिनं सांभाळायला मिळाली, हे ताईकडून कळलं. फार आनंद झाला. सगळ्यांचं बायोस अपडेट करून देणार आहेस असंही ती म्हणाली, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी प्रत्येक मशिनला त्याची गरज आहे का, ते बघ. कंपनीच्या साइटवर नवी फाइल आली, एवढं कारण पुरत नाही. खरी कारणं वेगळी असतात. इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. त्यावरचा मायक्रोकोड 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात बायोसमधूनच आला. जुन्या बी450 बोर्डावर रायझन 5000 बसवायचा असेल तरी अपडेट लागतं, आणि ते जुना प्रोसेसर काढण्याआधी करायचं, कारण नवा बसवल्यावर जुन्या बायोसवर मशीन सुरूच होणार नाही. सुरक्षेची एखादी दुरुस्ती असेल तर तीही टाळू नये. यातलं काहीच नसेल आणि मशीन नीट चालत असेल, तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांग आणि त्या कामाचे पैसे घेऊ नकोस.

बायोस बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. अपडेट करताना तिच्यातलं जुनं आधी पुसलं जातं आणि मग नवं लिहिलं जातं. नेमकी त्या वेळी लाइट गेली तर चिपमध्ये धड जुनंही नाही आणि नवंही नाही. मग मशीन सुरूच होत नाही. सीआयएच व्हायरसने 26 एप्रिल 1999 ला असाच काही बोर्डांच्या चिपमध्ये कचरा लिहून ठेवला होता; ती मशिनं चालूच होईनात.

आपल्याकडे खरी भीती लाइटचीच आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघा 400 केव्ही वाहिनीचं एक सर्किट देखभालीसाठी बंद होतं, दुसऱ्यात बिघाड झाला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल थांबल्या. एवढं मोठं संकट रोज येत नाही, पण मे-जूनच्या वादळी संध्याकाळी फांदी तारेवर पडायला वेळ लागत नाही. महावितरणचा देखभालीचा मेसेज आला आहे का ते पाहा. यूपीएस नुसता जोडलेला असून भागत नाही. आधी मशीन चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढ आणि बॅटरी दहा मिनिटं टिकते का ते बघ. घरगुती इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे ना, याचीही खात्री कर. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा.

फाइल फक्त बोर्ड कंपनीच्या साइटवरून घे. नावातल्या एका अक्षराने बोर्ड बदलतो. काही कंपन्यांत रिव्हिजनही वेगळी असते, तो आकडा बोर्डावरच छापलेला असतो. पेन ड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट कर आणि अपडेट विंडोजमधून न करता बायोसमधल्याच सोयीने कर.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू असेल तर ते आधी सस्पेंड कर आणि रिकव्हरी की मालकाकडे आहे ना, हे विचार. अपडेटनंतर विंडोजने की मागितली आणि ती कुणाकडेच नसली, तर मुलांच्या नोट्स आणि फीचे हिशेब त्यातच अडकतील. जुन्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढ, कारण बूट क्रम, साटा मोड, एक्सएमपी सगळं अपडेटनंतर मूळ स्थितीवर जाऊ शकतं. डीडीआर5 असलेल्या बोर्डावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा घाबरून बटण दाबू नकोस.

बोर्ड खरंच गेला, तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण किंवा दुसरी बायोस चिप आहे का ते पाहा. नसेल तर प्रोग्रामर यंत्राने चिप पुन्हा लिहिता येते, पण ती 3.3 व्होल्टची आहे की 1.8 ची, हे तपासल्याशिवाय क्लिप लावू नकोस.

क्लासने परीक्षेच्या आठवड्यात हे काम करायला सांगितलं तर नाही म्हण. आधी एकच मशीन कर, ते दोन दिवस वापरात राहू दे, आणि मगच बाकीच्यांना हात लाव.

तुझा,
मामा