बातमी आणि शहानिशा

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक आहे. दर शनिवारी मुले त्यावर हाताने लिहिलेल्या बातम्या लावतात. एक बाजू उर्दूत असते, दुसरी मराठीत. शाळेतील बऱ्याच मुलांचे वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातात. ('पंचतारांकित' हा शब्द ऐकून नवखा माणूस तेथे हॉटेल शोधू लागेल! तेथे आहेत ते कारखाने.) त्यामुळे एमआयडीसीची बातमी लागली की भित्तिपत्रकापुढे गर्दी होते.

एका शनिवारी दहावीच्या एका मुलाने ठळक अक्षरांत लिहिले, 'फौंड्रीत अपघात. दोन कामगार ठार'. कारखान्याचे नावही दिले होते. सातवीतील एका मुलीने ती बातमी वाचली. तिचे अब्बा त्याच कारखान्यात रात्रपाळीला गेले होते आणि ती शाळेला निघाली तरी घरी आले नव्हते. ती भिंतीला टेकून खालीच बसली. आम्ही तिला पाणी दिले, तिची समजूत घातली. पण तिचे हात थरथरत होते. शेवटी मी तिला घेऊन तिच्या घरी गेलो.

अब्बा दारातच भेटले. रात्री एका कामगाराच्या पायावर तापलेला रस उडाला होता. त्याला दवाखान्यात पोहोचवून यायला त्यांना उशीर झाला होता. कोणीही ठार झाले नव्हते.

मी त्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, "सर, मी खोटं लिहिलं नाही. वडापमध्ये लोक बोलत होते, तेच लिहिलं." मला रागावता येईना. कारण त्या कागदाखाली 'तपासले' असे लिहून सही मीच केली होती. मी शुद्धलेखन तपासले होते. बातमी तपासली नव्हती.

सोमवारी वर्गात मी मुलांना एक जुनी हकिकत सांगितली. ती आपल्या कोल्हापूरचीच आहे.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात दोन वृत्तपत्रे निघाली. मराठी 'केसरी' आणि इंग्रजी 'मराठा'. 'केसरी'चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते व 'मराठा'चे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे तरुण. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. राजा तरुण, पण कारभार इंग्रज अधिकारी आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारकडून सांगण्यात येई. लोक म्हणत, वेड नाही, त्यांचा छळ चालला आहे. या तरुण राजाबद्दल पुष्कळांना कळवळा वाटत होता. तसा तो या दोन संपादकांनाही वाटला.

अशातच काही पत्रे पुढे आली. ती दिवाणांनी लिहिलेली आहेत असे सांगितले गेले. त्यांवरून महाराजांविरुद्ध कट असल्याचे दिसत होते. संपादकांनी पत्रांवर विश्वास ठेवला आणि दिवाणांवर कडक टीका केली. दिवाणांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी चूक कबूल करून माफी मागितली. तरी खटला थांबला नाही. या संकटात जोतीराव फुले यांनी आपल्या ओळखीने दहा हजार रुपयांच्या जामिनाची सोय केली, हे विसरता येणार नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, मग महाराजांचा छळ होत होता की नव्हता?"

प्रश्न नेमका होता. पत्रे खोटी होती, पण महाराजांचे दुःख खोटे नव्हते. २५ डिसेंबर १८८३ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या किल्ल्यात, ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झटापट होऊन त्यांचा अंत झाला. मला तर वाटते, त्या बनावट पत्रांनी सर्वांत मोठे नुकसान महाराजांचेच केले. न्यायालयात चर्चा झाली ती पत्रे खरी की खोटी याची. महाराजांना कसे वागवले जाते, हा प्रश्न मागे पडला. पुढे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज.

'अफवा' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहे. मूळ अरबीत 'अफवाह' म्हणजे 'तोंडे'. बातमीला मात्र तोंड पुरत नाही, तिला शहानिशा लागते. आपल्या देशात वृत्तपत्रांसाठी प्रेस कौन्सिल आहे. तिचे काम १६ नोव्हेंबर १९६६ रोजी सुरू झाले. तिच्या नियमांत अचूकतेचा आग्रह पहिला आहे. ती दंड करू शकत नाही, पण दोषी वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी गेला. मी लांब उभा राहिलो. त्याने तीन कामगारांना वेगवेगळे विचारले. जखमी माणसाच्या पायात सेफ्टी बूट नव्हते, असे तिघांनीही सांगितले. बूट फाटले होते, नवे मिळाले नव्हते. मग त्याने सुपरवायझरांना विचारले. ते म्हणाले, "बूट मागवले आहेत." मुलाने तेही लिहून घेतले.

पुढच्या शनिवारी भित्तिपत्रकावर त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहिले होते, 'मागील बातमी चुकीची होती. कोणीही ठार झाले नाही.' त्याखाली बुटांची बातमी होती. तिच्याखाली त्याची आणि माझी सही.

सातवीतील ती मुलगी बराच वेळ वाचत उभी राहिली. मग त्याला म्हणाली, "त्या काकांचा पाय आता कसा आहे? ते नाही लिहिलंस."

त्याने खिशातून पेन काढले आणि वही उघडली.

शब्दार्थ
शहानिशा – तहकीक, खात्री करून घेणे. बनावट – जाली, खोटे तयार केलेले. जामीन – जमानत. कळवळा – हमदर्दी. ताकीद – इशारा. पाळी – कामाची ठरलेली वेळ.

स्वाध्याय
१. शिक्षकांना मुलावर का रागावता आले नाही?
२. बनावट पत्रांमुळे महाराजांचे नुकसान झाले, असे लेखकाला का वाटते?
३. मुलाने दुसऱ्या वेळी बातमी कशी मिळवली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील एक घटना निवडा. किमान तीन माणसांना विचारून तिची बातमी मराठीत लिहा.