बंदराची बाजू नव्हे, पोर्ट!

आमच्या गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. माझे पप्पा तारवटी. इंजिन रूममध्ये फिटर. यंदा चुलतभाऊ जहाजाच्या ट्रेनिंगला निघाला, तेव्हा मराठी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी मोठ्या ऐटीत त्याला जहाजावरच्या शब्दांची मराठी यादी करून दिली. त्यात लिहिलं होतं : ‘पोर्ट साइड – बंदराकडची बाजू.’

पप्पांनी ती वाचून विचारलं, ‘‘बाय, लाइफबोट पोर्टला आहे, आणि बंदर उजवीकडे आलं, तर हा पोरगा पळणार कुठे?’’

मी गप्प. पोर्ट म्हणजे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर येणारी डावी बाजू. स्टारबोर्ड म्हणजे उजवी. आपण पाठ फिरवली की आपलं डावं-उजवं बदलतं. जहाजाचं बदलत नाही. रात्री पोर्टला लाल दिवा असतो, स्टारबोर्डला हिरवा.

गंमत म्हणजे शब्दाच्या मुळाकडे पाहिलं, तर माझं भाषांतर चुकलं नव्हतं. पूर्वी उत्तर युरोपातल्या जहाजांना सुकाणू म्हणून उजव्या बाजूला मोठं वल्हं असे. ती सुकाणूची बाजू म्हणजेच स्टारबोर्ड. वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज डाव्या बाजूने बंदराला लावत. या डाव्या बाजूला इंग्रजीत आधी ‘लारबोर्ड’ म्हणत. पण वाऱ्यात ओरडून सांगताना लारबोर्ड-स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत. म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘पोर्ट’ हा शब्द ठरवून दिला.

त्या फजितीतून मी तीन गोष्टी शिकले.

१. मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. ‘नॉट’ म्हणजे मुळात वेग मोजायच्या दोरीवरची गाठ. आज एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजेच ताशी १.८५२ किलोमीटर. त्यामुळे ‘ताशी दहा नॉट’ लिहू नये. ‘ताशी’ त्या शब्दातच आहे.

२. शब्द जहाजावर कुठे वापरलाय ते पाहावं. इंजिन रूममधलं ‘बेअरिंग’ फिरत्या शाफ्टला आधार देतं. ब्रिजवरचं ‘बेअरिंग’ म्हणजे दीपस्तंभाची किंवा दुसऱ्या जहाजाची अंशांत मोजलेली दिशा. आणि हा ‘ब्रिज’ म्हणजे पूल नव्हे, जहाज चालवायची जागा. ‘ड्राफ्ट’ हा मसुदाही नव्हे. जहाज पाण्यात किती खोल बुडालंय, त्याचं ते माप.

३. आपल्या किनाऱ्यावर शब्द असेल तर तोच घ्यावा. नाळ, शीड, सुकाणू, डोलकाठी, नांगर आहेतच की! नसेल तर आलेला शब्द ठेवावा. ‘सुकाणू’ अरबीतून आलं, ‘आरमार’ पोर्तुगीजमधून. आज ते परके वाटतात का? मग ‘पिस्टन’ला तरी दाराबाहेर का ठेवायचं?

वर्गात आपण भाषांतर सुंदर झालं का ते बघतो. जहाजावर आग लागली तर शब्दाचा एकच अर्थ निघायला हवा, तोही क्षणात. मी यादी पुन्हा लिहिली : ‘पोर्ट – पोर्टच. नाळेकडे तोंड करून डावी बाजू. लाल दिवा.’

पप्पांनी यावेळी काही विचारलं नाही. कागदाची घडी घालून भावाच्या बॅगेत ठेवली.

तुमच्याही घरात कुणी तारवटी असेल, तर त्यांच्याकडून पाच शब्द अर्थासकट लिहून आणा. मंडळाची यादी आपण मिळून करू. पण छापायच्या आधी ती त्यांनाच वाचायला देऊ.