मनाच्या रुग्णाच्या देहाचा हक्क

'सहीह मुस्लिम'मध्ये आदरणीय अनस (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. मदीनेतील एका स्त्रीच्या बुद्धीत काही विकार होता. ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि आपले काही काम आहे असे म्हणाली. ती म्हणेल त्या गल्लीत येण्याची तयारी प्रेषितांनी (स.) दाखविली. मग ते तिच्यासोबत रस्त्याच्या कडेला गेले आणि तिचे म्हणणे पुरे होईपर्यंत थांबले. तिचे काम काय होते, हे हदीसमध्ये आलेले नाही. प्रेषितांच्या (स.) विनम्रतेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग आपण ऐकत आलो आहोत. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वेडसर बाईचे बोलणे निरर्थकच असणार, असे त्यांनी आधीच ठरवून टाकले नाही.

मी मात्र तसे ठरवून टाकले होते. नृसिंहवाडीच्या आसपासच्या आमच्या वस्तीत स्किझोफ्रेनियाचे औषध घेणारे एक गृहस्थ आहेत. काही महिने ते मशिदीत आले की वुजूच्या नळाला सारखे तोंड लावत, पुन्हा पुन्हा लघवीला जात. घसा कोरडा पडतो, पाय जळतात, असे त्यांनी मला स्वतः सांगितले होते. मी त्याला वसवसा समजलो. पाण्यावर दम करून दिला आणि धीर धरायला सांगितले. घरच्यांनाही ते त्यांचे नेहमीचेच वाटले. अखेर पायाची जखम भरेना, तेव्हा दवाखान्यात काम करणाऱ्या एका नमाजी बांधवाने रक्त तपासून आणले. मधुमेह फार वाढलेला होता. त्या माणसाने प्रत्येक लक्षण अचूक सांगितले होते. ऐकणारे आम्ही चुकलो.

वाचकहो, ही एका घराची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी मृत्यू पावतात, आणि त्यांतील बहुतेकांचा बळी हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे रोग अशा शारीरिक आजारांनी जातो. तंबाखू आणि बिडी हे त्याचे एक कारण. दिवसभर एका जागी बसून राहणे हे दुसरे. काही औषधांनी, विशेषतः ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी, भूक व वजन वाढते आणि रक्तातील साखर चढते. हे वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत! अचानक बंद केल्यास मूळ आजार उसळतो. औषध चालू ठेवावे आणि वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी औषध सुरू करताना, सुमारे तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी व्हावी. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ती सांगितली नाही, तर आपण विचारावी.

शरीअतमध्ये बुद्धी हरपलेल्या माणसावरून हिशेबाची लेखणी उचललेली आहे, हे आपण जाणतो. त्याच्यावरची उचलली गेली. त्याला सांभाळणाऱ्यांवरची तशीच चालू आहे. सूरह निसाच्या पाचव्या आयतीत ज्यांना आपला व्यवहार कळत नाही, त्यांच्या मालमत्तेतून त्यांना खाऊ-पिऊ घालण्याचा, वस्त्रे देण्याचा आणि त्यांच्याशी भले बोलण्याचा आदेश आहे. ज्याच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी आपल्यावर, त्याच्या दुखत्या दाढेची जबाबदारी कोणावर? आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. 934) यांच्या ग्रंथाच्या नावातच देह आणि मन या दोहोंचे हित एकत्र आले आहे. आपल्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही मनाच्या रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने उपचाराचा हक्क देतो आणि त्याला साखळीने बांधण्यास मनाई करतो. 'वेडा आहे, नंतर बघू' असे कोणी म्हणाले, तर या कायद्याचे नाव घ्यावे.

आमच्याकडे श्रद्धेच्या जागा पुष्कळ आहेत. वाडीला दत्ताच्या दर्शनाला येणाऱ्या हिंदू बांधवांत आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात येणाऱ्यांत मनाने आजारी नातलगाला घेऊन आलेली घरेही असतात. त्यांच्या दुःखाची थट्टा माझ्याने होणार नाही. दुआ जरूर करावी. पण शासकीय रुग्णालय मिरजेतच आहे. त्याच फेरीत रक्तदाब आणि साखर पाहून घेता येते. उपचार घेण्याची आज्ञाही प्रेषितांचीच (स.) आहे.

नदीकाठच्या घरांसाठी एक सूचना. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे हलवावी लागली. अशा वेळी रेशनकार्ड आठवते, गोळ्या घरात राहतात. औषधाची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कागदपत्रांजवळ ठेवाव्यात.

आणि रमजानविषयी. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तात त्या औषधाचे प्रमाण घातक होऊ शकते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसताच डॉक्टर गाठावा. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे (अल-बकरा, 184-185), म्हणून ती घेताना संकोच नको. रोजा ठेवावा की नाही, गोळीची वेळ बदलता येईल की नाही, हे शाबान महिन्यातच डॉक्टरांना विचारावे. नंतर कजा की फिदिया, हा प्रश्न घेऊन आपल्या आलिमांकडे जावे. जाताना रुग्णालाही सोबत न्यावे आणि त्याचे म्हणणे त्यालाच सांगू द्यावे.