वाखाची फुले
(चित्रकला व हस्तव्यवसाय यांचा एकत्रित पाठ : इयत्ता चौथी व पाचवीकरिता)

शिरूर व दौंड हे तालुके जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागात मोडतात. भीमा व घोड या नद्यांच्या काठी ऊस उभा असला, तरी माळावरच्या बांधाला घायपातच टिकाव धरते. त्याच्या वाखापासून पूर्वी दावी, कासरे व शिंकी वळीत असत. नायलॉनचा दोर आला आणि हे काम मागे पडले. तोच वाख चित्रकलेच्या तासाला कसा उपयोगी पडतो, हे येथे दिले आहे.

उद्देश : मुलांना फूल काढावयास सांगितले की बहुतेकांच्या वहीत एकच आकृती उमटते, मध्ये वर्तुळ व भोवती पाच पाकळ्या. झेंडू असो वा शेवंती, चित्र तेच. फूल समोर असूनही मूल ते पाहत नाही, ही खरी उणीव होय. पेन्सिलीची रेघ क्षणात ओढता येते. वाखाचा धागा मात्र एकेक उचलून बसवावा लागतो, आणि तो कोणत्या दिशेने बसवावा हे ठरविण्यासाठी दर वेळी फुलाकडे पाहावे लागते. पाठाचे मर्म यातच आहे.

साहित्य : वाळलेला वाख, जाड पुठ्ठा, बाभळीचा डिंक, कात्री, बागेतील ताजी फुले. पिठाच्या खळीला कसर लागते, म्हणून डिंक बरा.

पूर्वतयारी : घायपाताच्या पानाच्या टोकाला तीक्ष्ण काटा असतो व रसाने अंगास खाज सुटते; यास्तव पाने कापणे व ठेचणे हे काम मुलांकडे देऊ नये. ठेचलेल्या पानांतील गर बोथट पात्याने खरवडावा, तंतू धुऊन वाळवावेत. दहा किलो पानांतून सुमारे तीनशे ते चारशे ग्रॅम वाख मिळतो. शेकडेवारीच्या गणितास हे उदाहरण चांगले आहे.

गावात दोर वळणारे वडीलधारे कारागीर असतील, तर त्यांना शाळेत सन्मानाने बोलवावे व गुरुजींच्या शेजारी आसन द्यावे. ज्या कामाकडे गावाने फार काळ हलकेपणाने पाहिले, ते वर्गात विद्या म्हणून शिकविले जाताना मुलांनी, विशेषतः त्या घरच्या नातवंडांनी, पाहणे अगत्याचे आहे.

रंग : तुरटीच्या पाण्यात भिजविलेला वाख झेंडूच्या पाकळ्यांच्या काढ्यात उकळल्यास पिवळा होतो, कांद्याच्या सालींच्या काढ्यात सोनेरी-तपकिरी होतो. कांद्याच्या साली आपल्याकडे फुकट मिळतात. हळदीचा रंग उठून दिसतो, परंतु उन्हात लवकर उडतो. पानांसाठी हिरव्या रंगाचा हट्ट धरू नये. बिनरंगी वाखही शोभतो. चुलीजवळचे काम शिक्षकांनी करावे.

पाठाच्या पायऱ्या :

१. पहिल्या तासिकेत केवळ निरीक्षण. शेवंतीचे फूल उकलून दाखवावे. जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र लहान फूल असते, झेंडूचेही तसेच. सदाफुलीच्या पाकळ्या पाच, पण त्या किंचित एका अंगास कललेल्या असतात. हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

२. दुसऱ्या तासिकेत पुठ्ठ्यावर फुलाचा मध्य व देठ एवढेच पेन्सिलीने आखावे. शेवंतीसाठी बाहेरचे वलय आधी, मग आतली वलये त्यावर चढवीत जावीत. सदाफुलीसाठी प्रत्येक पाकळीत मध्यापासून कडेपर्यंत धागे लगोलग बसवावेत.

३. तिसऱ्या तासिकेत देठ व पाने पूर्ण करावीत. भूगोलाशी सांगड घालावयाची असल्यास मेक्सिको देश नकाशात दाखवावा. झेंडू व घायपात दोन्ही मूळचे तिकडचे.

परीक्षण : सुबकतेवर गुण देऊ नयेत. चित्रे मांडून ठेवावीत व दुसऱ्या वर्गातील मुलांच्या हाती खरी फुले देऊन प्रत्येक फुलाचे चित्र शोधावयास सांगावे. जे चित्र ओळखले गेले, ते काढणाऱ्या मुलाने फूल पाहिले असे समजावे. जे ओळखले गेले नाही, त्या मुलास रागे न भरता पुन्हा बागेत पाठवावे.